तिसऱ्या गियरचं घर

तिसरा गियर टाकला की पद्माकर इंगवल्यांची गाडी जागेवर राहायची आणि त्यांचं घर पुढे जायचं.

हे एकदम कुणाच्या लक्षात आलं नाही. जुनी गाडी आणि जुना माणूस यांचं सारखंच असतं, एक दुखणं सांगायला जावं तर तीन निघतात, म्हणून इंगवल्यांनी आधी काणाडोळा केला. पहिला गियर ठणठणीत, दुसरा ठणठणीत, चौथ्याची तक्रार नाही. तिसरा टाकला की मात्र इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मरगळून थांबायची. गाडी चौतीस वर्षांची होती आणि इंगवले एकाहत्तर. सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून झालेली, त्यामुळे अंदाजपंचे बोललेलं त्यांना खपत नसे. त्यांनी डायरीत लिहिलं, ‘मंगळवार, स. १०.२०, कारखान्याचा चढ. तिसरा गियर. ओढ शून्य.’

घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच मंगळवारच्या चौकोनात मालनबाईंनी लिहिलं होतं, ‘सव्वाधाच्या पुढं घर सरकलं. दूध सांडलं.’

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांचं लिहिलेलं वाचायची पद्धत त्या दोघांत नव्हती. तीन आठवड्यांत घर साडेअकरा फूट पुढे गेलं, फाटक पोटाखाली घेतलं आणि दोन पायऱ्या रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे इंगवल्यांनी टेप काढला. मालनबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“मी म्हनत हुतो की नव्हं? तुमास्नी सांगाय गेलं की तुमी म्हनतासा, चष्म्याचा नंबर बदल.”

इंगवल्यांनी मग डायरी आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं. तारखा जुळल्या. वेळासुद्धा जुळल्या, आणि ज्या एका गुरुवारी जुळल्या नाहीत त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं. त्यांनी गाडी काढली आणि दुसऱ्या गियरवरच दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजला गेले.

दस्तगीर मिस्त्री कासारगावात चाळीस वर्षं एकट्यानं गॅरेज चालवत होते. गाडी बघण्याआधी ते मालकाचं सगळं ऐकून घेत, मध्ये बोलत नसत, आणि मालकाचं ऐकून झालं की त्यातलं काहीही धरत नसत. त्यांनी गाडीत बसून चारही गियर टाकून पाहिले. मग खाली उतरून म्हणाले, “क्लच प्लेट न्हाई गेलेली. प्लेट गेली असती तर चौथ्यात आधी घसरली असती. आतलं बगाय पायजे.”

गाडीखाली शिरून त्यांनी गियर बॉक्सचं ऑइल तसराळ्यात काढलं. जुन्या बॉक्सच्या ऑइलमध्ये पितळेचा चुरा सापडतो, चकाकतो, तो बघितला की कुठली रिंग झिजली ते कळतं. दस्तगीरनी दोन बोटांत ऑइल चोळलं, वास घेतला, पुन्हा चोळलं.

“चुना हाय,” ते म्हणाले.

“चुना?”

“व्हय. आनि ह्यो शहाबादी फरशीचा भुगा. ह्यो गाडीतला माल न्हवं साहेब, ह्यो घरातला हाय. वहिनीस्नी फोन लावा.”

फोन लावला. दस्तगीर स्टिअरिंगवर बसले, तिसरा टाकला आणि क्लच हळूच सोडला. गाडी जागच्या जागी थरथरली. फोनमधून मालनबाईंचा आवाज आला, “सरकलं.” दस्तगीरनी स्टिअरिंग किंचित डावीकडे फिरवलं. “आता टेकडीकडं वळालं. अवो, थांबा की, दळपाचा डबा पडतोय!”

दस्तगीरनी गाडी बंद केली, हात पुसले आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं, “गाडी घेतली तवा पूजा केल्ती?”

“केली होती. गाडीची आणि घराची एकाच दिवशी. मुहूर्त अकरा मिनिटांचा होता.”

“नारळ किती फोडले?”

इंगवल्यांना तो दिवस आठवला. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांची मापं तपासली, तळाला चिकटवलेलं मेण नखानं खरवडून काढलं. आणि स्वतःच्या वास्तुशांतीला, भटजी घाईत, पाहुणे ताटकळलेले, पिशवीत बघतात तर नारळ एकच. त्यांनीच भटजींना सांगितलं होतं, फोडा एकच, अर्धा घराला ठेवा, अर्धा गाडीला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“एक,” ते म्हणाले.

“तितंच जोडलं गेलं बगा,” दस्तगीर शांतपणे म्हणाले. “असं हुतंय. पर जवर लिव्हरच्या बुडातला बुश, ती बारकी कडी, धड हुता तवर गाडीची खाच येगळी आनि घराची खाच येगळी. आता बुश झिजला. लिव्हर तिसऱ्यात जाताना जरा पल्याड पडतोय, आनि पल्याड तुमचं घर हाय. बुश बदलतो. अर्ध्या तासाचं काम.”

“मग बदला.”

“बदलतो. पर घर आज जितं हुबं हाय तितंच ऱ्हानार. रस्त्यावर.”

“मग आधी मागे घेऊ. रिव्हर्स टाका.”

“रिव्हर्स गाडीचा हाय साहेब. घराला गावलाय त्यो एकच गियर, आनि त्यो पुढचा.”

त्या संध्याकाळी नगरपरिषदेची नोटीस आली. सात दिवसांत अतिक्रमण हटवलं नाही, तर मालमत्ता पाडण्यात येईल. इंगवल्यांनी नोटीस तीनदा वाचली. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं बरोबर होतं. चुकीच्या नोटिशीशी भांडता येतं. बरोबर नोटिशीचं काय करणार?

दुसऱ्या दिवशी ते अतिक्रमण विभागात गेले. तिथे शिंगटे नावाचे साहेब होते. त्यांनी अर्ज वाचला.

“घर पुढं आलंय का रस्ता मागं गेलाय, हे अर्जात स्पष्ट नाही.”

“घर पुढे आलं. साडेअकरा फूट. टेप लावून मोजलं आहे.”

“मग मागं घ्या.”

“मागे जात नाही. फक्त पुढे जातं. पुढे जाऊन, कुठेतरी वळून, मागच्या गल्लीनं परत आणावं लागेल. रस्त्यानं न्यायची परवानगी हवी.”

शिंगट्यांनी कपाट उघडून फाइली चाळल्या. घर पाडण्याचा अर्ज होता, वाढवण्याचा होता, नावावर करण्याचा होता. घर फिरवून आणण्याचा नव्हता. शेवटी त्यांनी एक छापील कागद काढला. “एवढ्या आकाराचं रस्त्यावरनं जाणारं आमच्याकडं एकच असतंय. मिरवणूक. ह्यात भरा.”

इंगवल्यांनी भरायला घेतलं. मिरवणुकीचा मार्ग, सोबत असणारी माणसं. ‘देवाचे नाव’ या रकान्यापाशी ते अडले.

“मोकळं सोडता येत नाही,” शिंगटे म्हणाले.

इंगवल्यांनी विचार करून लिहिलं, ‘सौ. मालन पद्माकर इंगवले.’ कारण घरात ती असणार होती. खाली मूर्तीची उंची विचारली होती. तिथे त्यांनी पाच फूट एक इंच लिहिलं. शिंगट्यांनी शिक्का मारला आणि अटी वाचून दाखवल्या. गुलाल उधळू नये, वाद्यं लावू नयेत, आणि मिरवणूक सायंकाळी सहाच्या आत मूळ जागी आणावी. न आणल्यास नोटिशीप्रमाणे कारवाई.

आता प्रश्न राहिला तो घर वळवायचा. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर वळायला जागा लागते. बसस्टँड पुरणार नव्हता, कॉलेजच्या मैदानात मधोमध स्टेज होतं. इंगवले नकाशावर फूटपट्टी फिरवत बसले असताना मालनबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “चिंचोशीच्या बाजारतळावर वळतंय की.”

चिंचोशी नऊ किलोमीटरवर. आणि बाजारतळाला लागूनच अक्काचं घर.

सोनाक्का म्हणजे मालनबाईंची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच मालनबाईंना वाढवलं. तिनं हे घर कधी पाहिलं नव्हतं. वास्तुशांतीची तारीख ठरली तेव्हा ती येणार होती. पण गाडी आठ दिवस आधी मिळाली, आणि दोन्ही पूजा एकदमच उरकू म्हणून इंगवल्यांनी तारीख अलीकडे घेतली. त्या दिवशी अक्काची लेक बाळंत झाली. मग भाताची कापणी निघाली, मग गुऱ्हाळ, मग आणखी काही, आणि मग अक्काचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती काठी घेऊन चार पावलं चालायची, पाचव्याला बसायची; गाडीत वाकून शिरणं तिला जमत नसे. मालनबाईंना गाडी लागायची. नुसती लागायची नाही, फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्या पांढऱ्याफटक पडायच्या. गुडघे धड होते तोवर त्या चिंचोशीला चालत जाऊन यायच्या. गुडघे गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दोघी बहिणी फोनवरच भेटत होत्या. आणि दर वेळी अक्का शेवटी विचारायची, “तुझं सैपाकघर कुठल्या तोंडाचं म्हनलीस गं?”

इंगवल्यांना हे सगळं माहीत होतं. तारीख आपण बदलली हेही माहीत होतं. त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, “वळतं. पुरेशी जागा आहे.”

शनिवारी सकाळी नळजोड सोडवला, वीज तोडली, आणि आठ वाजता मिरवणूक निघाली. दस्तगीरनी सांगितल्याप्रमाणे गाडी घराच्या मागे, जुन्या जोत्याच्या कडेला उभी होती. परत येताना घर बसवायला तीच खूण. स्टिअरिंगवर इंगवले, शेजारी दस्तगीर, फोन डॅशबोर्डवर. शिंगटे साहेब वेळ बघायला खुर्ची टाकून प्लॉटवर बसले. घरात मालनबाई एकट्या. घरापुढे शिट्टी घेतलेला एक होमगार्ड.

“एक ध्यानात ठेवा,” दस्तगीर म्हणाले. “स्टार्टर गेलाय, गाडी बंद पडली की धक्का मारूनच चालू हुनार. धक्का दुसऱ्यात मारायचा. आनि दुसऱ्यातनं परत घराच्या खाचेत पडंल ह्याची हमी मी देनार न्हाई. तवा गाडी बंद करायची न्हाई आनि तिसरा काडायचा न्हाई. वहिनी तितं थांबल्या तर क्लच दाबून बसायचं.”

इंगवल्यांनी अर्धा क्लच सोडला. समोर त्यांचं घर हललं, वळलं आणि माणसाच्या चालीनं रस्त्याला लागलं. दारात मालनबाई पाट टाकून बसल्या होत्या. वळणावर त्यांनी एकदा मागे पाहिलं, मग घर दूध डेअरीच्या आड गेलं.

पंचेचाळीस वर्षं बाहेर जायचे ते इंगवले आणि घरी राहायच्या त्या मालनबाई. आज घरासकट बायको निघून गेली होती आणि ते उघड्या जमिनीवर स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांना भीती वाटली. घर पडेल, तारा तुटतील ही नव्हे. ती परत आलीच नाही तर, ही.

“डावीकडं घ्या,” फोन बोलला. “आता सरळ. म्हस आडवी हाय, थांबा. गेली. चला.”

“तुला मळमळत नाही ना?”

“न्हाई वो. गाडी लागती, घर कुटं लागतंय? पुरनाला घाटा द्यायला लागलोय मी. कारखान्याची चिमनी दिसाय लागली. केवडी हाय!”

साडेदहाला घर चिंचोशीच्या बाजारतळावर पोचलं. मालनबाईंनी तीनदा मागेपुढे करून— म्हणजे पुढेच करून, गोल फिरवून— पायरी अक्काच्या पायरीपाशी आणायला लावली. “आनि एक बोट. बास!” मग फोन पाटावर ठेवल्याचा आवाज आला, आणि काठीचा. टक. टक. टक. टक. चार. पाचवं पाऊल घरात पडलं असावं, कारण दोघींपैकी कुणीतरी रडायला लागलं. कोण ते कळत नव्हतं. दोघींचा आवाज सारखाच होता.

इंगवले क्लच दाबून बसले. तास झाला. शेजारच्या माणिकताई गाडीच्या खिडकीतून चहा देऊन गेल्या. इंगवल्यांचं जेवण घरात होतं आणि घर चिंचोशीत. दोन तास झाले. बॉनेटमधून वाफ यायला लागली तसं दस्तगीरनी पाणी ओतलं. डावा पाय आधी दुखत होता, मग मुंग्या आल्या, मग तो कुणा तिसऱ्याचाच असल्यासारखा वाटायला लागला. फोनमधून भांड्यांचे आवाज येत होते, कपाटं उघडत होती, आणि मधूनमधून मालनबाई हसत होत्या. पोरीसारख्या, खिदळत. बायकोचं हे हसू इंगवल्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते तिच्यात होतं हेही त्यांना माहीत नव्हतं, आणि याचं त्यांना फार वाईट वाटलं.

साडेतीनला शिंगट्यांनी घड्याळ दाखवलं. “आता निघायला पायजे इंगवले. सहाच्या आत.”

“मालन,” इंगवले फोनवर म्हणाले, “घर काढू का?”

पलीकडे कपाटाचं दार लागलं. मग मालनबाई म्हणाल्या, “काडा. उशीर हुईल. अक्का, ऊठ बाई, तुला पायरीपर्यंत सोडतो.”

“एवड्यात?” अक्काचा आवाज आला. “अजून मागची खोली बघायची ऱ्हायलीया माजी.”

इंगवल्यांनी समोर पाहिलं. चाळीस फुटांचा रिकामा प्लॉट, त्यात जोत्याच्या जागची ओली माती आणि मुंग्या. चौतीस वर्षं ते याला घर म्हणत होते. मग त्यांनी फोन बंद केला, लिव्हर धरला आणि तिसरा काढला. पायाची सबब होती, पण हात त्यांचाच होता.

“निसटला,” ते म्हणाले.

दस्तगीरनी लिव्हरकडे पाहिलं, मग इंगवल्यांकडे पाहिलं. “निसटतोच,” ते म्हणाले. “झिजलाय.”

“नवा बुश आणलाय ना तुम्ही?”

“खिशात हाय. पर साहेब, तो टाकला म्हंजे पुन्हा घराच्या खाचेत जायाचा न्हाई. कायमचं.”

“टाका.”

इंगवल्यांनी गाडी बंद केली. दस्तगीर अर्धा तास गाडीखाली होते. तोवर शिंगट्यांनी फाइल उघडून नोटीस पुन्हा वाचली, उठून रस्ता पाहिला, प्लॉट पाहिला. रस्ता मोकळा होता. त्यांनी लिहिलं, ‘अतिक्रमण मुदतीत हटविले. प्रकरण बंद,’ आणि खाली सही केली. मूळ जागी आणण्याची अट मिरवणूक शाखेकडे होती, आणि ती शाखा शनिवारी दुपारी बंद असते. चिंचोशी तर त्यांच्या हद्दीत नव्हतीच.

मग धक्का मारायचा होता. माणिकताईंचे यजमान आले, होमगार्डचा भाऊ आला, आणि माणूस कमी पडतो म्हटल्यावर शिंगट्यांनीही शर्टाच्या बाह्या सारल्या. दुसऱ्यात गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती चालू झाली. इंगवले डेअरीवरून वळले, कारखान्याच्या चढाला लागले, आणि श्वास रोखून त्यांनी तिसरा टाकला.

गाडी पुढे गेली.

चढ संपल्यावर मालनबाईंचा फोन आला. घर का हलत नाही, विचारत होत्या. इंगवल्यांनी सांगितलं की गियर दुरुस्त झाला, आता घर हलणार नाही, मीच येतोय. 

“पूल ओलांडला की डावीकडं घ्या,” मग मालनबाई म्हणाल्या. “तितं खड्डा हाय एक. मोटा हाय. मगाशी माजी सगळी भांडी वाजली.”

साडेपाचला इंगवले चिंचोशीच्या बाजारतळावर पोचले. गाडी पोर्चमध्ये लावली. दारात अक्का काठीवर भार देऊन उभी होती. सकाळपासून तिनं या घरातलं कपाट न् कपाट उघडून पाहिलं होतं, आणि चार-चार पावलांवर मालनबाईंनी मांडून ठेवलेल्या स्टुलांवर बसत बसत मागची खोलीही उरकली होती.

“या पावनं,” अक्का म्हणाली. “घर बगाय आलासा व्हय? या. दावतो.”

इंगवल्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि अक्काच्या मागून चालायला लागले. तिनं त्यांना बाहेरची खोली दाखवली, देवघर दाखवलं, मोरीचा नळ जरा घट्ट आहे ते सांगितलं. दर चार पावलांनी ती स्टुलावर बसायची तेव्हा इंगवलेही थांबायचे. प्रत्येक खोलीला ते “छान आहे” म्हणाले. स्वयंपाकघरात मालनबाई ताट वाढत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही, पण पुरणपोळीवर तूप सोडायला सुरुवात केली ती थांबेचनात.

अक्का खिडकीपाशी बसली.

“हितनं माजं घर दिसतंय बगा,” ती म्हणाली.

इंगवल्यांनी वाकून पाहिलं. दिसत होतं.